खबर द्यायची ती आपणच

आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला झालं होतं. तिला घेऊन मी संगमनेरला परतत होते. गाडी मी चालवत होते, शेजारी आत्या डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून बसलेली. नांदूर-शिंगोटे मागे पडलं आणि संध्याकाळच्या दूध घालायच्या वेळेला एका ढाब्यासमोर अपघात झाला. तिथे लोकांनी दुभाजक फोडून पलीकडे जायची वाट केली आहे. त्या वाटेतून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल एकदम माझ्या पुढ्यात आली. मी ब्रेक दाबला. मोटारसायकल जवळजवळ निघूनच गेली होती, पण गाडीचा डावा कोपरा तिच्या मागच्या चाकाला लागला आणि चालवणारे काका रस्त्याच्या कडेला जाऊन पडले.

कॅनची झाकणं उडाली होती. दूध डांबरावरून वाहत माझ्या चाकाखाली आलं. काका शुद्धीवर होते. "पाय हलंना, ताई," एवढंच म्हणत होते.

दोन-चार मिनिटांत माणसं जमली आणि त्यांच्याबरोबर सल्लेही. एकजण कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही निघा. पब्लिक वाढलं की ऐकणार नाही." दुसरा म्हणाला, "पाच-दहा हजार द्या, इथंच मिटवा. पोलिसांत गेलात तर दोघंही फिराल." तिसऱ्याला रस्ता मोकळा करायची घाई होती, तो मोटारसायकल उचलायलाच लागला. आत्याने काच खाली केली आणि म्हणाली, "कुठं निघायचं नाही. माणूस पडलाय." ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला किती दिसत होतं देव जाणे, पण मुद्दा तिला नेमका दिसला होता.

रस्त्यावर जे घडतं ते काही मिनिटांत संपतं. नंतर महिनोन् महिने चालतं ते कागदांवर, आणि त्या कागदांचा पाया पहिल्या तासाभरात पडतो. म्हणून त्या तासात मी काय केलं आणि पुढे त्याचं काय झालं, ते क्रमाने सांगते. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. लायसन्स काढताना आपल्याला आठचा आकडा काढायला लावतात; अपघातानंतर काय करायचं, हे कुणी धड सांगत नाही.

पहिलं काम म्हणजे गाडी थांबवून चारही इंडिकेटर चालू करणं. डिकीतला लाल त्रिकोण मी एका मुलाला मागे रस्त्यावर ठेवायला दिला. मग १०८ ला फोन केला, पाठोपाठ ११२ ला. ११२ वर पलीकडच्या बाईंनी विचारलं ते नेमकं होतं: कुठे, किती जण, शुद्धीवर आहेत का, गाडी पेटली-बिटली नाही ना. 'हायवेवर' या उत्तराचा काही उपयोग नसतो. कुठून कुठे जाणारी बाजू, जवळचं गाव, ढाब्याचं नाव, जमलं तर किलोमीटरचा दगड सांगावा लागतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही नंबर आहे. तो महामार्गावरच्या मदतीसाठी असतो. पण पोलिसांना खबर लागायची तर ११२ च.

काकांना आम्ही उठवलं नाही. कुणी पाणी पाजत होतं, त्याला थांबवलं; पाय मोडला असेल तर ऑपरेशन करावं लागेल आणि पोट रिकामं लागेल, हे आत्याला ताज्या अनुभवातून ठाऊक होतं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी मोबाईलवर फोटो काढले. नुसता गाडीला पडलेल्या पोचाचा फोटो पुरत नाही. दोन्ही वाहनं, दुभाजकातली वाट आणि ढाबा एकाच चौकटीत येईल असा लांबून एक. मग दोन्ही नंबर प्लेट, रस्त्यावर उमटलेले ब्रेकचे व्रण, फुटलेल्या हेडलाइटच्या काचा जिथे पडल्या ती जागा. मोटारसायकल उचलू पाहणाऱ्याला मी म्हटलं, "दादा, फोटो होऊ द्या, मग उचला." तो थांबला. कोण सांगतोय यापेक्षा किती ठामपणे सांगतोय, याला गर्दी जास्त जुमानते.

एवढ्यात जवळच्या गावचे पोलीस पाटील आले. काका त्यांच्या ओळखीचे निघाले. त्यांनी आधी काकांच्या घरी फोन लावला, मग जमावाला मागे सारलं आणि मला म्हणाले, "तुम्ही थांबलात, बरं झालं. पळून गेला असता तर पोरांनी पाठलाग केला असता."

जमावाची भीती खरी असते, हे मी नाकारत नाही. गंमत म्हणजे कायद्यालाही ती ठाऊक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ सांगतं की अपघातात कुणी जखमी झालं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकाने जखमीला उपचार मिळतील यासाठी शक्य ते सगळं करायचं. अपवाद एवढाच की जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने ते शक्यच नसेल. पण हा अपवाद जागेवर थांबून मदत करण्यापुरता आहे. जीव वाचवायला निघालात तर निघा, पण ते निघणं सरळ पोलीस ठाण्याच्या दिशेने असलं पाहिजे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की जागेवर पोलीस नसतील तर चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, काहीही झालं तरी २४ तासांच्या आत, खबर द्यायची. तिसरी गोष्टही त्यातच आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते: विमा कंपनीला लेखी कळवायचं. पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्स. यात कसूर केली तर कलम १८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अॅम्ब्युलन्स काकांना घेऊन गेली, पोलीस पाटील सोबत बसले. मी आणि आत्या ११२ च्या फोनवरून आलेल्या पोलिसांच्या गाडीमागून ठाण्यात गेलो.

नांदूर-शिंगोट्याच्या पुढे नाशिक जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर सुरू होतो. त्यामुळे हद्द कुणाची, हा प्रश्न निघणारच होता. पण तो मला सोडवावा लागला नाही. ठाणे अंमलदार म्हणाले, "खबर इथं घेतो. हद्द त्यांची निघाली तर वर्ग करू." नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हे लेखीच आहे: दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात देता येते. 'ही आमची हद्द नाही' असं कुणी सांगितलं तर शांतपणे 'झिरो नंबरने घ्या' म्हणावं. ठाण्यात हे शब्द सगळ्यांना कळतात.

खबर लिहून देताना माझा हात थरथरत होता. अंमलदारांनी विचारलं, "तुम्ही सांगताय की मी लिहू?" मी म्हटलं, मी सांगते, तुम्ही लिहा, मग मला वाचू द्या. जे लिहिलं गेलं ते साधारण असं होतं: 'मी खालील सही करणार. आज रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास नाशिककडून संगमनेरकडे माझे पतीचे मालकीची कार चालवीत येत असताना, ढाब्यासमोर दुभाजकातील मोकळ्या जागेतून एक मोटारसायकल माझे उजवे बाजूने रस्ता ओलांडीत आली. मी ब्रेक लावला. कारचा डावा पुढील कोपरा मोटारसायकलच्या मागील चाकास लागला. चालक खाली पडून त्याचे उजवे पायास मार लागला. मी १०८ व ११२ वर फोन केला.' बस, एवढंच.

यात काय नाही ते बघा. चूक कुणाची, ते नाही. 'तो दारू प्यायला असेल' नाही, 'मी फक्त पन्नासवर होते' नाही, 'माफ करा, माझ्यामुळे झालं' हेही नाही. स्पीडोमीटरकडे त्या क्षणी मी पाहिलं नव्हतं, मग आकडा कशाला सांगायचा? अंमलदारांनी वेग विचारला तेव्हा मी तेच उत्तर दिलं. जे डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी केलं तेवढंच सांगायचं. अंदाज सांगायला लागलो की पुढे कोर्टात त्या अंदाजाचा हिशेब मागतात. सही करायच्या आधी मी ते वाचलं. 'डाव्या पायास' असं झालं होतं, ते 'उजव्या' करून घेतलं. मग स्टेशन डायरीतल्या नोंदीचा नंबर, तारीख, वेळ मी मोबाईलमध्ये टिपून ठेवली. तो नंबर पुढे मला विमा कंपनीपासून कोर्टापर्यंत सगळीकडे लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थळ पंचनामा झाला. हवालदारांनी टेप लावून रस्त्याची रुंदी मोजली, ब्रेकचे व्रण कुठून कुठपर्यंत ते मोजलं, ढाब्याच्या मालकाला आणि पोलीस पाटलांना पंच केलं. कच्च्या नकाशात पूर्वेला काय, पश्चिमेला काय, असं सगळं लिहिलं. दुभाजक फोडलेली वाट त्यात यायला हवी होती, कारण अपघाताचं कारण तीच होती. मी तसं बोलले. हवालदार म्हणाले, "येणारच. दिसतंय ना समोर." मोबाईलवर त्यांनी जागेचे फोटो आणि तपशील सरकारी ॲपवरही भरले. हल्ली अपघाताची माहिती जागेवरूनच ऑनलाइन जाते.

त्याच दुपारी काकांच्या भावाने फिर्याद दिली. तिची प्रत मी वाचली तेव्हा पोटात गोळा आला. 'कार चालक हिने तिचे ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून...' भाऊ अपघाताच्या वेळी तिथे नव्हताच. पण ही वाक्यं कुणा एकाची नसतात. अपघाताच्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत ती ठरलेली असतात. गुन्हा दाखल झाला: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं, आणि १२५, दुखापत. काकांच्या नडगीचं हाड मोडलं होतं.

खबर दिली म्हणजे गुन्हा टळतो, असा समज असेल तर तो काढून टाका. टळत नाही. कलमं जामीनपात्र होती, मला नोटीस मिळाली, जबाब झाला, अटक झाली नाही. तपासी अंमलदार मला म्हणाले, "मॅडम, दोन्ही कागद कोर्टासमोर जाणार. तुमचा आदल्या संध्याकाळचा आहे, एवढं लक्षात ठेवा." हेच खबरीचं मोल. आपण थांबलो, मदत बोलावली, नाव-पत्ता लपवला नाही, आणि कुणी आरोप करायच्या आधीच काय घडलं ते सांगितलं, याचा पुरावा आपल्याजवळ राहतो. पळून गेलेल्या माणसाजवळ सांगायला फक्त पळायचं कारण असतं.

मग विमा. अपघात झाला त्याच रात्री मी कंपनीला फोन करून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी ईमेलने लेखी कळवलं. गाडी ज्या गॅरेजला गेली तिथला माणूस फॉर्म भरता भरता म्हणाला, "थर्ड पार्टीचं लिहू नका ताई. खांबाला ठोकली म्हणून लिहू, क्लेम पटकन होतो." असं सांगणारा माणूस प्रत्येक गॅरेजात भेटतो आणि तो वाईट हेतूने सांगतो असंही नाही, त्याला गाडी दुरुस्त करून बिल पास करून घ्यायचं असतं. पण थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केलाय तो नेमका अशाच प्रसंगासाठी. काकांची भरपाई त्यातूनच मिळायची होती. फॉर्मवर खांब आणि पोलिसांच्या कागदावर मोटारसायकल असं झालं असतं तर कंपनीने हात वर केले असते आणि भरपाई आमच्या खिशातून गेली असती. मी खरं तेच लिहिलं. सर्व्हेयर येऊन बघेपर्यंत बंपरला हात लावू दिला नाही. क्लेमला वेळ लागला, पण झाला.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनी या कागदांना मुदती घातल्या आहेत, त्या चालकाने जाणून घ्याव्यात. पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा. चालकाने 'नमुना ३' आणि गाडीच्या मालकाने 'नमुना ४' ३० दिवसांत भरून द्यायचा. पोलिसांचा सविस्तर अहवाल ९० दिवसांत. गाडी नवऱ्याच्या नावावर असल्याने त्यालाही फॉर्म भरावा लागला. "मी तर घरी होतो," असं कुरकुरत त्याने तो भरला. पण त्या फॉर्ममधल्या लायसन्सच्या, मालकाच्या आणि विम्याच्या तपशिलावरच जखमीचा दावा पुढे सरकतो. आपण फॉर्म अडवला की पोलिसांचं काम अडतं, आणि नुकसान होतं ते खाटेवर पडलेल्या माणसाचं.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने असाच प्रसंग दुसऱ्या पद्धतीने हाताळला होता. स्कूटरवरची बाई त्यांच्या गाडीला घासून पडली. ती म्हणाली, लागलं नाही. यांनी हजार-दोन हजार रुपये दिले, एकमेकांचे नंबर घेतले आणि विषय संपला. काही दिवसांनी तिच्या खुब्याला फ्रॅक्चर निघालं. मग दवाखान्याचा खर्च, मग वकील, मग फिर्याद. फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरून भरपाईचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. त्यामुळे तिचा दावा उभा राहिला. अडचण झाली ती यांची. पोलिसांत खबर नाही, विमा कंपनीला कळवलेलं नाही, जागेचा एक फोटो नाही. पैसे दिले याचा मात्र पुरावा होता, आणि तो 'चूक कबूल केली म्हणूनच दिले' असा वाचला गेला. रस्त्यावर मिटवलेलं प्रकरण मिटत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या सोयीने उघडायला मोकळं राहतं.

जखमीच्या बाजूने पाहिलं तर नोंद आणखी महत्त्वाची. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत. पण हा खरोखर वाहन अपघात आहे, याला पोलिसांचा दुजोरा लागतो. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. म्हणजे पळून जाणारा चालक नुसता स्वतःला वाचवत नाही, तो समोरच्याची हक्काची भरपाई पन्नास हजारांवर आणून ठेवतो.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता, आठवत असेल. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. न्याय संहितेच्या कलम १०६ मधल्या दुसऱ्या भागाला तो विरोध होता: माणूस मेल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा. बाकी संहिता लागू झाली तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवला गेला. जमाव मारतो, थांबायचं कसं, हा चालकांचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्या गोंधळात बऱ्याच जणांचा समज झाला की आता खबर द्यायची सक्तीच राहिली नाही. तसं नाही. कलम १३४ तेव्हाही होतं, आजही आहे.

मदत करणाऱ्यांनाही एक भीती असते: साक्षीसाठी कोर्टात हेलपाटे मारावे लागतील. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४ अ त्यांना संरक्षण देतं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ढाब्यावरच्या ज्या मुलाने लाल त्रिकोण ठेवला, त्याला हे मी सांगितलं तेव्हा त्याने आपणहून नंबर दिला. सक्ती नाही म्हटल्यावर माणसं जास्त पुढे येतात.

काकांचा दावा राष्ट्रीय लोकअदालतीत विमा कंपनीबरोबर तडजोडीने निकाली निघाला. तिथे आमची भेट झाली. ते काठी घेऊन चालत होते. भाऊही सोबत होता. चहा त्यानेच सांगितला. माझ्यावरची फौजदारी केस मात्र अजून कोर्टात आहे, तारखा पडतात आणि मी जाते. त्या केसमध्ये माझ्या वकिलांनी पहिला कागद लावलाय तो माझ्या खबरीचा.

तेव्हा गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं एवढंच: थांबा, जीवाला धोका असेल तर निघा, पण ठाण्याकडेच निघा. १०८, ११२ लावा. फोटो काढा. जे पाहिलं तेच सांगा, वाचून सही करा, नोंदीचा नंबर घ्या. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा आणि फॉर्मवर खांब लिहू नका. धडक कुणाच्या चुकीने झाली ते कोर्ट ठरवेल. खबर कुणी दिली, हे मात्र आपणच ठरवायचं असतं.